ट्रेकसाठी पहिला चाकू : घेण्याआधी एवढं वाचा

पावसाळा सुरू झाला की आपल्या होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एक, मेसच्या आमटीत पाणी वाढतं. दोन, ट्रेकिंग ग्रुपच्या नोटीसखाली नावं वाढतात. यादीत नाव टाकलं की पहिला प्रश्न शूजचा आणि दुसरा चाकूचा. "कुठला घेऊ गं? हा बघ, ऑनलाईन मस्त आहे, पाठीवर करवत, मुठीत होकायंत्र, काड्यापेटीची पण जागा आहे!" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदाच लिहून टाकलेलं बरं. मी मेकॅनिकलची, त्यात पूर्णेची. आमचं गाव रेल्वे जंक्शन. लोखंड बघतच आम्ही मोठे होतो, तेव्हा थोडा अधिकार माझ्याकडे आहे असं समजायला हरकत नाही.

चाकू लागतो कशाला?

आधी सिनेमातला चाकू डोक्यातून काढून टाका. १९८२ साली 'फर्स्ट ब्लड' आला आणि जगभरच्या मुलांना वाटायला लागलं की जंगलात जायचं तर रॅम्बोसारखा फूटभर सुराच पाहिजे. प्रत्यक्षात ट्रेकवर आपण काय करतो? नायलॉनची दोरी कापतो. कांदा-टोमॅटो चिरतो. वाळक्या काटकीच्या ढलप्या काढून चूल पेटवतो. तंबूची मेख हरवली तर काठीला टोक काढतो. मॅगीचं पाकीट फोडतो, बँडेजची पट्टी कापतो. यातलं एकही काम फूटभर पात्याचं नाही. उलट पातं जितकं लांब तितकं टोक हातापासून लांब, आणि बारीक कामात ताबा तितकाच कमी.

मग लांबी किती? आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं पातं, म्हणजे साडेतीन ते साडेचार इंच, बहुतेक सगळं काम करतं. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू जगभर पहिला चाकू म्हणून सुचवले जातात. त्यांच्या 'कंपॅनियन' या मॉडेलचं पातं १०४ मिलिमीटर आहे, म्हणजे चार इंचाला थोडं जास्त. तिकडे हे चाकू सुतार, शेतकरी, मासेमारी करणारे रोजच्या कामाला वापरतात. शो-केसमध्ये ठेवायची ती वस्तू नाही.

मुठीच्या आत काय आहे ते बघा

चाकू विकत घेताना सगळे पातं बघतात. खरं तर आधी मूठ बघावी. पात्याची जी शेपटी मुठीत जाते तिला टँग म्हणतात. ही शेपटी पूर्ण मुठीभर गेलेली असेल तर उत्तम. मुठीच्या दोन्ही कडांना पोलाद दिसतं आणि रिपिटा दिसतात, त्यावरून ओळखता येतं. अरुंद शेपटी मुठीत खोलवर गेलेली असली तरी चालते. मोराच्या चाकूंची अशीच असते आणि वर्षानुवर्षं टिकते.

चालत नाही ती पोकळ मूठ, ज्यात होकायंत्र आणि काड्या ठेवायची सोय असते. तिथे पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि एका नटावर किंवा नुसत्या चिकटवलेल्या जोडावर उभं राहतं. आपल्याला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन शिकवलंय ना, ते हेच. रुंद पातं जिथे एकदम बारीक होतं तिथे, त्यातही कोपरा काटकोनी असेल तर, सगळा ताण गोळा होतो. गेल्या वर्षी आमच्याच ग्रुपमधल्या एकाचा असा चाकू वाळकी फांदी चिरताना मुठीपाशी मोडला. पातं उडून दगडावर आपटलं म्हणून निभावलं. डोळ्यावर आलं असतं तर? गडावरून खाली गावात यायलाच तीन तास होते, आणि गावात दवाखाना नव्हता.

पात्याची जाडी हा दुसरा मोहाचा विषय. 'पाच मिलिमीटर जाड, अतूट' अशी जाहिरात असते. बेंडिंगचं गणित आठवा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अडीच मिलिमीटरच्या जागी पाच घेतलं तर पातं आठपट ताठ होतं, हे खरं. पण त्याच पात्याने टोमॅटो कापा. कापला जात नाही, चेपला जातो. पहिल्या चाकूला अडीच ते तीन मिलिमीटर भरपूर झाले. लाकूड फोडायचं असेल तर त्याला कुऱ्हाड असते, चाकूला कुऱ्हाड करू नये.

पोलादाची गोष्ट

कार्बन स्टील की स्टेनलेस? होस्टेलमध्ये यावर रात्र जागवता येते, पण मुद्दा सोपा आहे. पोलाद कडक व्हायला कार्बन लागतो. बांधकामाच्या साध्या माइल्ड स्टीलमध्ये तो ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून त्याला कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरण्याइतकं ते कडक होत नाही. चाकूला साधारण ०.५ टक्क्यांच्या वर कार्बन पाहिजे. त्यात तेरा-चौदा टक्के क्रोमियम घातलं की ते स्टेनलेस होतं. स्वीडिश १२सी२७ पोलादात ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतं, आणि चाकूसाठी ते चांगलं मानलं जातं.

कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण कांदा-लिंबू कापून तसंच ठेवलं तर काळं पडतं आणि ओलं ठेवलं तर गंजतं. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे निभतं. कापून झालं की पुसायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. पण जुलैमध्ये सह्याद्रीत चार दिवस भिजणार असाल, किंवा निगा राखायचा आळस असेल (मेसचं ताट धुवायचा कोणाला कंटाळा आहे ते सगळ्यांना माहीत आहे), तर सरळ स्टेनलेस घ्या.

एक सावधगिरी. पात्यावर नुसतंच 'स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल आणि ग्रेड नसेल, तर ती माहिती झाली नाही. चमचासुद्धा स्टेनलेसच असतो. कडकपणा रॉकवेल सी स्केलवर दिलेला असेल तर साधारण ५६ ते ५९ हा आकडा पहिल्या चाकूला बरा. त्याहून मऊ असेल तर धार लवकर जाते. फार कडक असेल तर धारेचे टवके उडतात आणि दगडावर घासताना जीव जातो.

घिसाडी मामांचा क्लास

आता खरी गंमत. चांगला चाकू मिळायला स्वीडनच गाठायला पाहिजे असं नाही. मराठवाड्यात गावाबाहेर किंवा बाजाराच्या कडेला घिसाड्यांची पालं दिसतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, ऊसतोडीचे कोयते घडवणारे हे फिरस्ते लोक. खाली भट्टी, बाजूला भाता, जमिनीत रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीने तापलेलं लोखंड धरतो आणि बरेचदा बाई घण मारते. आपल्या जिममधल्या बाहुबलींनी तो घण एकदा उचलून बघावा.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पूर्णेत अशाच एका पालावर गेले. म्हटलं, "मामा, एक लहान सुरी करून द्याल का? पातं चार इंचाचं."

मामांनी वर बघितलं. "तुला कशाला पायजे गं लेकी?"

"डोंगरात जातो आम्ही. दोरी कापायला, काड्या तासायला."

"मंग ठीक हाय. पाट्याचं करून देतो, इळ्यावानी टिकंल."

पाटा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. भंगारातून आणलेलं हे स्प्रिंग स्टील, त्यात अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. म्हणजे आपण पुस्तकात वाचून जे पोलाद निवडू, तेच हे लोक पिढ्यान् पिढ्या अनुभवाने निवडतायत. मामांनी पातं लाल करून घडवलं, मग कानशीने आकार दिला, पुन्हा तापवलं आणि फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली. याला म्हणतात पाणी देणे. धार कडक झाली, पाठ मऊ राहिली. धार टिकते आणि पातं काचेसारखं फुटतही नाही. पुस्तकात याला डिफरन्शियल हार्डनिंग म्हणतात.

मी विचारलं, किती तापवायचं हे कसं कळतं? मामा म्हणाले, "रंगावरून. उन्हात नाही कळत, सावली लागते." पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकत्व सोडतं आणि पाणी द्यायचं ते त्याच्या थोडं वर. मामांकडे थर्मामीटर नाही, पण डोळा आहे. आपल्या लॅबमध्ये फर्नेस आहे, आणि व्हायवात मार्टेनसाइट म्हटलं की आपण छताकडे बघतो.

अशा सुरीला बाभळीची मूठ आणि तोंडाशी लोखंडी शेंबी बसवून घ्या. म्यान चांभाराकडून शिवून घ्या. घडवून घेताना दोन गोष्टी सांगायला विसरू नका : पातं पातळ ठेवा, आणि शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत न्या. कारण त्यांना सवय विळ्या-कोयत्याची, म्हणून पातं जाड होण्याकडे कल असतो.

आणि रेल्वे कॉलनीतल्या दोस्तांना खास सूचना. रुळाचा तुकडा किंवा डब्याची स्प्रिंग 'अशीच पडली होती' म्हणून उचलून आणू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तुरुंगाची शिक्षा आहे. ट्रकचा पाटा भंगारवाल्याकडे रीतसर मिळतो.

कायदा काय म्हणतो?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच. नोकरीच्या वेळी आणि पासपोर्टच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशन होतं. वीस वर्षांच्या वयात एक केस अंगावर घ्यायची नसेल तर वाचाच.

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यानुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. नऊ इंच म्हणजे बरोबर आपली एक वीत. चार इंची सुरी या रेघेच्या बरीच आत आहे.

पण म्हणून ती कमरेला लावून गावात फिरायचं असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. सणवार, निवडणुका, मोर्चे असले की असे आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी काठी, चाकूसुद्धा बाळगायला बंदी असते, तिथे पाच इंच की नऊ इंच असा हिशेब नाही. पुण्यात २०२२-२३ पासून 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोज यायला लागला. ज्या हत्याराने आमच्या भागातला माणूस सहा महिने ऊस तोडून पोट भरतो, त्याचंच नाव गुन्हेगारीला पडलं. याचा परिणाम असा, की बॅगेत पातं दिसलं तर पोलीस आधी संशय घेणार आणि मग कारण विचारणार. त्यांना दोष देता येणार नाही.

तिसरी गोष्ट बऱ्याच जुन्या ट्रेकर्सनाही माहीत नसते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच चाकू आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आता आपले लाडके ट्रेक आठवा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा भाग अभयारण्यात. भीमाशंकर अभयारण्य. वासोटा कोयना अभयारण्यात. आपल्या जवळचं पैनगंगा अभयारण्य, तिकडे गौताळा. म्हणजे चाकू घेऊन 'बुशक्राफ्ट' करायला निघालात ती जागाच चुकीची असू शकते. अभयारण्यात जायचं असेल तर नाक्यावर वनरक्षकांना आधी विचारा, ते 'नाही' म्हणाले तर सुरी न नेता भाजी घरूनच चिरून न्या. तिथे चूलही पेटवायची नसते आणि ओली फांदी तर कुठेच तोडायची नसते.

मग शिकायचं कुठे? मित्राच्या शेतात! हिवाळ्यात हुरड्याला जाताच ना? बांधावर वाळकी बाभूळ, तुराट्या, पऱ्हाट्या हव्या तेवढ्या मिळतात. शेताच्या मालकाला विचारा आणि दिवसभर काठ्या तासत बसा. सह्याद्रीपेक्षा हा क्लास जास्त उपयोगी.

होस्टेलचं म्हणाल तर खोलीत चाकू ठेवूच नका. ट्रेकिंग ग्रुपचं कपाट आहे, सरांना सांगून तिथे कुलपात ठेवा, ट्रेकच्या दिवशी सही करून घ्या. रेक्टर सरांना गादीखाली सापडलेल्या सुरीचं कारण समजावण्यापेक्षा हे सोपं आहे. प्रवासात सुरी म्यानात घालून सॅकच्या तळाशी. देवगिरीच्या जनरल डब्यात पेरू कापायला बाहेर काढू नका, पेरू दातानेही खाता येतो. विमानात हँडबॅगेत तर अजिबात नाही.

विळीकडून शिकण्यासारखं

चाकूने होणाऱ्या बहुतेक जखमा दोन कारणांनी होतात : बोथट धार आणि चुकीची बैठक. बोथट पातं सरकत नाही, म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावलेलं पातं सुटलं की थेट हातावर येतं.

बसून काम करताना मांड्यांच्या मध्ये कधीही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते, ती कापली गेली तर काही मिनिटांचाच खेळ असतो. कोपर गुडघ्याच्या पुढे टेकवा आणि पातं अंगापासून दूर चालवा. हात सरळ करून गोल फिरवला तर त्या गोलात दुसरं कोणी नको.

आणखी एक पद्धत आहे, ती परदेशी पुस्तकं मोठ्या कौतुकाने सांगतात. सुरी गुडघ्याजवळ घट्ट धरायची, ती हलवायचीच नाही, आणि काठी मागे ओढायची. वाचल्यावर मला हसूच आलं. ही तर आपली विळी! पातं स्थिर, पाटावर पाय, आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर. आपल्या आया-आज्यांनी हे कधीच सिद्ध केलंय, की हलणाऱ्या पात्यापेक्षा न हलणाऱ्या पात्यावर ताबा चांगला राहतो.

आजीचा आणखी एक नियम. ती सुरी, कात्री कधी हातात देत नाही, खाली ठेवते आणि म्हणते उचल. हातात दिली की भांडण होतं म्हणे. भांडणाचं मला माहीत नाही, पण गडावर दमलेल्या, ओल्या हातांनी सुरी द्यायची-घ्यायची असेल तर यापेक्षा चांगला सेफ्टी रूल नाही.

धारेसाठी कुरुंदाचा दुहेरी दगड घ्या, एक बाजू जाडी, एक बारीक. पाणी टाकून, कोन न बदलता, दोन्ही बाजूंनी सारखे हात. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कडा कामाला येते, कँटीनच्या मामांना विचारून घ्या! शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-वीस हात. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे चांगला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर पातं तापतं, धार निळी पडते आणि दिलेलं पाणी उतरतं. घरची विळी द्या, त्यांचाही धंदा चालला पाहिजे.

शेवटी, कुठला घ्यावा?

अजून एकही ट्रेक झाला नसेल तर काहीच घेऊ नका. घरातली लहान सुरी पुठ्ठ्याच्या म्यानात घालून न्या आणि काय काय लागतं ते बघा. बरेचसे लोक इथेच थांबतात आणि त्यांचं काही अडत नाही.

फक्त गड बघायचे, चूल पेटवायची नाही, तर घडीचा स्विस चाकू उत्तम. त्यात कात्री आणि चिमटाही येतो, आणि काटा तर ट्रेकवर सगळ्यांनाच टोचतो. फ्रान्सचा ओपिनेल क्रमांक ८ पण छान, साडेआठ सेंटीमीटर पातं, आणि उघडल्यावर कडी फिरवली की ते बोटांवर मिटत नाही. कडी नसलेल्या घडीच्या चाकूने लाकूड तासू नका.

लाकूडकाम शिकायचंच असेल तर मोरासारखा साधा, न मिटणारा चाकू घ्या. आणि थोडा वेळ असेल, चार प्रश्न विचारायची तयारी असेल, तर घिसाड्याकडून घडवून घ्या. ते लोक आता कमी दिसतात. कारखान्यात छापलेले विळे बाजारात स्वस्त मिळतात आणि पालं एकेक करून उठतात. आपण इंजिनिअर होणार, मटेरियल सायन्सचे पेपर देणार, आणि आपल्याच गावच्या ऐरणीवर काय चालतं ते न बघता बाहेर पडणार, हे काही बरोबर नाही. दहा रुपये जास्त गेले तरी चालतील, भाव करू नका.

माझी सुरी सध्या ग्रुपच्या कपाटात आहे, म्यानावर नाव आहे. बघायची असेल तर या, पण परत करताना हातात देऊ नका. खाली ठेवा.